त्याच हातात परत

दिनांक ७ जानेवारी २००१, रविवार, सकाळचे साडेदहा. जमा वर्गणी अठराशे साठ रुपये. हजर: शाळेच्या मोठ्या बाई, दोन शिक्षिका, बागायतदार आणि मी. विषय: मुलांची भाट्याच्या समुद्रावर एक दिवसाची सहल.

शाळा म्हणजे रत्नागिरीत भाड्यानं घेतलेल्या घरातल्या तीन खोल्या. ज्यांची समज वयाच्या मागे राहिली आहे अशी मुलं तिथं यायची. पाटीवर तेव्हा ‘मतिमंद’ असा शब्द होता, आता आम्ही तो वापरत नाही. मूल म्हणण्याचं वय कधीच मागे टाकलेली चार-पाच मोठी माणसंही यायची. ती मागच्या खोलीत बसून मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करायची. मी एका पतपेढीत हिशेबनीस होतो आणि रविवारी शाळेचे हिशेब लिहून द्यायचो. बागायतदार माझे शेजारी. हापूसची दीडशे कलमं, पोहण्यात तरबेज, आणि आवाज असा की ते बोलायला लागले की आमच्या घरातला रेडिओ बंद करावा लागे.

मोठ्या बाई पुण्याला कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. तिथून त्यांनी सहलीसाठी नियम लिहून आणले होते आणि ते त्या सभेत वाचून दाखवत होत्या. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर एकटा राहणार नाही, कायम दोघं बरोबर. न्हाणीघरात किंवा कपडे बदलताना आधी विचारायचं, मागितली तेवढीच मदत करायची आणि दुसऱ्यानं हाकेच्या अंतरावर थांबायचं. परवानगीशिवाय फोटो नाही, परक्याकडून खाऊ नाही. आणि शेवटचा नियम: सकाळी ज्या हातातून मूल घेतलं, संध्याकाळी त्याच हातात परत. दुसरं कुणी न्यायला येणार असेल तर त्याचं नाव सकाळीच लिहून घ्यायचं.

बागायतदार उठूनच उभे राहिले.

“म्हणजे आम्ही सगळे चोर का, बाई?”

“बसा हो,” बाई म्हणाल्या.

“नाही, बसत नाही. ही रत्नागिरी आहे. मी बाजारात मासे आणायला गेलो तर परत येईपर्यंत सात जण विचारतात, सून बाळंत झाली का म्हणून. इथं कोण कुणाला ओळखत नाही?”

“म्हणून तर,” बाई शांतपणे म्हणाल्या. “अनोळखी माणसाच्या हातात पोर कोण देतं? घात होतो तो ओळखीतच होतो. आणि तुमच्यावर संशय नाही. नियम सगळ्यांना सारखा लावला की कुणा एकावर संशय घ्यावा लागत नाही. मलाही लागू आहे तो. मीसुद्धा एकटी राहणार नाही.”

बागायतदार बसले. जरा विचार केला आणि म्हणाले, “आणि मला लघवीला जायचं असलं तर?”

हा प्रश्न मी इतिवृत्तात घेतला नाही. घ्यायला हवा होता. कारण पुढे सहलीचा बराच वेळ त्यातच गेला.

आता दादाबद्दल सांगतो, कारण सहल खरं तर त्याच्यासाठी होती. दादा छत्तीस वर्षांचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच, झुपकेदार मिशीचा. मेणबत्त्या करणाऱ्यांत तो सर्वांत नीटनेटका. बोलायचा एखाददुसराच शब्द, पण मोठ्यांदा आणि ठामपणे. घरी तो आणि त्याची आई, दोघंच. आईला आम्ही सगळे आजी म्हणायचो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता थांबलात तर आम्हालाही काही करता येणार नाही. पालीला त्यांच्या बहिणीचा मुलगा होता, तो गाडी घेऊन न्यायला तयार होता. पण आजी हलायला तयार नव्हत्या. दादाला घाटात उलट्या व्हायच्या, दवाखान्याच्या वासानं तो घाबराघुबरा व्हायचा, आणि शाळेचे तास सोडले तर तो आजवर आईचा हात सोडून राहिलेला नव्हता. शाळेत आणून सोडायच्या त्याच, न्यायच्या त्याच. अलीकडे तर घराकडच्या पाखाडीच्या, त्या अरुंद उतरत्या वाटेच्या, चिऱ्याच्या पायऱ्या पायानं चाचपत उतरायच्या.

बाईंनी त्यांना गळ घातली, एक दिवस त्याला आमच्याबरोबर पाठवून बघा. नीट राहिला तर आठ दिवसांचं बघू.

आजी म्हणाल्या, “एक दिवस बघते. पण काही झालं ना, तर डोळे गेले तरी चालतील, मला पुन्हा विचारायचं नाही.”

म्हणून दादासाठी जोडी निवडताना बाईंनी फार विचार केला. मी, कारण माझी बेरीज चुकत नाही. आणि बागायतदार, कारण त्यांना पोहता येतं.

एकवीस तारखेला सकाळी आठ वाजता शाळेसमोर मिनीबस उभी होती. आजी दादाला घेऊन आल्या. त्यांनी माझा हात मागितला, उलटासुलटा करून चाचपला, बोटं मोजल्यासारखी दाबून पाहिली.

“कारकुनाचा हात,” त्या म्हणाल्या. “अंगठी सैल आहे हो. समुद्रावर सांभाळा.”

मग त्यांनी दादाचा हात माझ्या हातात ठेवला आणि त्याला सांगितलं, “हा हात सोडायचा नाही. ह्यांनी सोडला तर ‘हात’ म्हणून ओरड. तू आणि हे दोघं, तिघांनी एकत्र राहायचं. तिघांचे दोघं झाले तर ‘तिघं’ म्हणून ओरड. कळलं?”

“कळलं,” दादा म्हणाला.

बाईंना ते नियम समजावायला पाऊण तास लागला होता. आजींनी ते दोन शब्दांत बसवले आणि अंमलबजावणीला माणूसही नेमला.

बसमध्ये बसल्यावर दादानं आधी सगळीकडे पाहून घेतलं. दोन-दोन मोठी माणसं मुलांबरोबर होती. पुढे ड्रायव्हर मात्र एकटाच होता.

“तिघं!” दादा ओरडला.

कुणाला काही कळेना. दादा ड्रायव्हरकडे बोट दाखवत राहिला. शेवटी बाई हसत उठल्या, एका मुलीला आणि तिच्या शिक्षिकेला घेऊन ड्रायव्हरच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसल्या. तेव्हा कुठं दादानं मान डोलावली आणि बस सुटली.

पहिल्याच वळणावर मी चष्मा पुसायला हात काढून घेतला.

“हात!”

ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. “आवं, कोन सापडला गाडीखाली?”

“कुणी नाही, मी चष्मा पुसत होतो,” मी म्हणालो.

सगळी बस हसली. त्यानंतर एक मुलगी दबक्या आवाजात “हात!” म्हणाली, मग दुसरा एक जण म्हणाला, आणि भाट्याचा पूल येईपर्यंत सगळी बस एका सुरात “हात! हात!” करत होती. पुलावर उजवीकडे एकदम समुद्र उघडा झाला. त्याबरोबर सगळ्यांचा श्वास आत गेला आणि मग पहिल्यापेक्षा दुप्पट जोरानं “हात!” सुरू झालं. समुद्राला काय म्हणतात ते कुणाला सुचलं नाही, तोंडात तोच शब्द होता. बागायतदारांनीही टाळ्या वाजवून ओरडायला सुरुवात केली. हे नियमांच्या विरुद्ध नसल्यामुळे बाईंना काही बोलता येईना.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली सतरंज्या पसरल्या. बागायतदारांना तंबाखूची तलफ आली. मुलांसमोर नको म्हणून ते दहा पावलं बाजूला गेले.

“तिघं!”

परत आले. थोड्या वेळानं पाठ वळवून, हळूच, जणू काही फिरायला निघाल्यासारखे गेले.

“तिघं!”

“अरे बाबा, मी इथंच आहे!”

“तिघं!”

“हे म्हणजे माझं लग्न झालं तेव्हासुद्धा इतका पहारा नव्हता,” बागायतदार मला म्हणाले. त्यांनी तंबाखूची डबी परत खिशात ठेवली. दादा दोघांच्या मध्ये बसला आणि समाधानानं समुद्राकडे पाहू लागला.

पण एक काम असं असतं की ते डबीसारखं खिशात ठेवता येत नाही. तासाभरानं बागायतदार चुळबुळायला लागले. झाडांच्या मागे एका बाईंची चहाची टपरी होती आणि टपरीमागे पत्र्याचा आडोसा. आम्ही तिघं हातात हात घालून निघालो. बागायतदार आत गेले, मी आणि दादा बाहेर. दार लागलं, बागायतदार दिसेनासे झाले.

“तिघं!” दादा पत्र्याला तोंड लावून ओरडला.

“आहे रे, आहे!” आतून आवाज आला.

दोन क्षणांनी पुन्हा, “तिघं!”

“आहे म्हटलं ना! जाणार कुठं इथून?”

हे असं चालत नाही म्हटल्यावर बागायतदारांनी युक्ती काढली. आपण आत आहोत हे दादाला सतत कळावं म्हणून त्यांनी आतूनच खड्या आवाजात पाढे म्हणायला सुरुवात केली. बे एके बे, बे दुणे चार. बे नव्वे अठरापर्यंत गेले.

टपरीवाली किटली हातात घेऊन बाहेर आली. “काय वो, आतमंदी शाळा भरलीया काय?”

मी काही सांगण्याच्या स्थितीत नव्हतो. मला हसण्यानं उभं राहवत नव्हतं, आणि बसलो असतो तर हात सुटला असता.

मग दादाची पाळी. बाईंनी सांगितलं होतं तसं मी विचारलं, “दादा, मदत हवी का?”

“नको,” दादा म्हणाला. आपला हात आपणच सोडवला, आत गेला, कडी लावली. आत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण एकटेच आहोत.

“तिघं!” तो आतून स्वतःवरच ओरडला.

“आहोत, आहोत!” आम्ही दोघं बाहेरून.

“पाढे!” आतून हुकूम आला.

भर दुपारी, टपरीच्या मागे, दोन प्रतिष्ठित गृहस्थ पत्र्याच्या दाराकडे तोंड करून तीनचा पाढा म्हणत होते. टपरीवालीनं आम्हाला चहा फुकट दिला. पैसे देऊ केले तर म्हणाली, “र्‍हाऊंदे. दिवाळीपास्नं हसली नव्हती मी इतकी.”

मग समुद्र. मी पाण्यात न जाता काठावरून लक्ष ठेवणार असं माझं ठरलेलं होतं, त्यासाठी मी इस्त्रीची पँट घालून आलो होतो. दादा पाण्यात शिरला. त्याचा हात माझ्या हातात होता, त्यामुळे मीही शिरलो. पहिली लाट गुडघ्याला आली तेव्हा मी “बास” म्हणालो. दुसरी छातीवर आली तेव्हा मला आठवलं की सहलीचे उरलेले सगळे पैसे माझ्या आतल्या खिशात आहेत. तिसऱ्या लाटेनं मला बसवलं. बागायतदारांनी दुसऱ्या बाजूनं दादाला धरलेलं, दादानं मला धरलेलं, आणि मी खिसा धरलेला. दादा हसत होता. मी त्याला शाळेत इतके दिवस पाहत होतो, पण तो असा पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलेला कधी पाहिला नव्हता. प्रत्येक लाटेला तो वाकून म्हणायचा, “ये!” आणि ती यायची. आपण बोलावल्यावर येतंय असं त्याला आयुष्यात फार थोडं मिळालं असावं.

बाहेर येऊन मी नोटा सुरूच्या झाडाखाली पसरून वाळत घातल्या, प्रत्येकीवर एक शिंपला ठेवला. मुलं भोवती गोल करून राखणीला बसली. तेवढ्यात वारा आला. एक दहाची नोट शिंपल्याखालून सुटली आणि उडाली. मी झेप घेतली.

“हात!”

या वेळी सगळे एकदम ओरडले. नोट बागायतदारांनी पायाखाली पकडली.

दादानं ओला सदरा काढून दिला होता, तो आम्ही फांदीवर टाकला होता. तो उघडाच बसला होता, मुलांच्या त्या गोलात, नोटांच्या भोवती. कुठूनसे फिरायला आलेले एक गृहस्थ गळ्यात कॅमेरा घेऊन आले. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढत म्हणाले, “किती गोड दिसतायत सगळे! एक फोटो घेतो हं.”

“नको,” बाई म्हणाल्या. “गोळ्याही नकोत. राग मानू नका.”

“अहो, मीसुद्धा दोन मुलांचा बाप आहे.”

खरं सांगायचं तर मला त्या गृहस्थांचीच दया आली होती. माणूस चांगला होता. पण बाई म्हणाल्या, “मुलांचा फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय नाही. ह्यांना मात्र तुम्ही स्वतःच विचारू शकता. छत्तीस वर्षांचे आहेत.”

गृहस्थ जरा गोंधळले. मग दादासमोर वाकून म्हणाले, “दादा, तुमचा फोटो काढू का?”

दादानं स्वतःकडे खाली पाहिलं. “नाही,” तो म्हणाला. “पोट दिसतं.”

गृहस्थांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, ते दादाच्या पोटापेक्षा मोठं होतं. मग तेच आधी हसले. त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि अर्धा तास आमच्या नोटांवर वाळू उडणार नाही अशा बाजूला बसून राहिले.

साडेपाचला आम्ही शाळेसमोर परत आलो. आईबाप थांबलेलेच होते. बाई एकेकाचं नाव घेत होत्या, सकाळी ज्यांनी आणून दिलं त्यांच्याच हातात मूल देत होत्या. सगळी मुलं गेली नाहीत, काही पालक तिथंच गप्पा मारत उभे राहिले, कारण मुलं “हात! तिघं!” ओरडत होती आणि काय झालं ते प्रत्येकाला ऐकायचं होतं. आजी मात्र आल्या नव्हत्या.

सव्वासहाला आजींचा भाचा स्कूटरवरून आला. पालीचा, तोच कोल्हापूरला नेणारा.

“मावशीनं पाठवलंय. दुपारी पायरीवरून घसरली जरा. लागलं नाही फारसं, पण आता दिवेलागणीला तिला दिसत नाही. मला म्हणाली, तूच घेऊन ये.” आणि दादाकडे पाहून, “काय दादा, येतोस ना स्कूटरवरून?”

“येतो!” दादा म्हणाला. त्याला स्कूटर फार आवडायची.

मी भाच्याला ओळखत होतो. त्याची मुदतठेव आमच्याच पतपेढीत होती, अर्ज मी भरून घेतला होता. सरळ माणूस. आजी तिकडे पाय दुखवून वाट पाहत बसलेल्या. दादाही जायला तयार. माझी पँट ओली, पायात वाळू, आणि दिवसभर एकाच हातानं जगल्यामुळे माझा खांदा भरून आला होता. मी दादाचा हात भाच्याच्या हाताकडे न्यायला उचलला आणि माझी बोटं सैल केली.

“हात!”

दादा नव्हता ओरडला. बागायतदार ओरडले होते.

मी घट्ट धरला.

“काय झालं?” भाचा म्हणाला.

“ह्याच्या आईच्या हातातून घेतलाय,” बागायतदार म्हणाले. “तिच्याच हातात देणार.”

“अहो, मी त्याचा सख्खा मावसभाऊ!”

“माहीत आहे. तुमच्या लग्नात मी पंगतीत वाढलंय.”

“मग?”

“मग काही नाही. सकाळी तुमचं नाव कुणी सांगितलं नाही. दिवसभर मी या माणसाच्या मागे पत्र्याआड पाढे म्हटलेत. ते फुकट घालवू काय आता?”

भाच्याचा चेहरा उतरला. “मी काय पळवून नेतोय का त्याला?”

“नाही हो,” बाई मध्ये आल्या. “तुम्हाला नाही म्हणताना मलाही वाईट वाटतं. पण उद्या दुसरं कुणी आलं आणि म्हणालं, काल त्यांना दिलात की, तर मी काय सांगू? तुम्हीही चला बरोबर. सगळेच जाऊ.”

शेजारच्या घरातून आजींच्या शेजाऱ्यांकडे फोन लावून पाहिला, तो बंद होता. ड्रायव्हरची ठरलेली वेळ संपली होती. बागायतदार त्याला म्हणाले, “पन्नास जास्त घे.” तो म्हणाला, “घेतो, पन मला बी खाली येऊंदे, शेवट बघायचा हाय.”

बस पाखाडीच्या तोंडापर्यंत गेली, पुढे पायऱ्या. भाचा बॅटरी घेऊन पुढे, मागे आम्ही तिघं. पाखाडी दोघांपुरतीच रुंद होती, त्यामुळे तिघं हातात हात घालून खेकड्यासारखे तिरके उतरत होतो. आमच्या मागे बाई, ड्रायव्हर, शिक्षिका आणि त्या वाटेनं घरी जायचं निमित्त काढलेली दोन-तीन कुटुंबं मुलांसकट. घराघरांतून माणसं ओट्यावर आली.

“काय गो, वरात कुणाची?”

“मधल्याची!” बागायतदार ओरडले.

“आणि ते कडेला दोघं?”

“करवले!”

दादानं मोकळा हात उंच करून सगळ्यांना नमस्कार केला. बागायतदारांना त्यासाठी त्यानं क्षणभर सोडलं होतं, पण स्वतःच “हात!” म्हणून पुन्हा धरलं.

आजी ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. एवढा गलका ऐकून त्या भिंतीला धरून उठल्या. “काय झालं? कुणाला लागलं?”

“कुणाला नाही, मावशी,” भाचा म्हणाला. “मला दिला नाही ह्यांनी. आईच्याच हातात देणार म्हणतात.”

आजी भडकल्याच. “घरच्या पोराला दिला नाहीत? एवढी माणसं पायऱ्या उतरवलीत? आणि माझ्याकडे दूध किती आहे माहीत आहे का तुम्हाला? एवढ्यांचा चहा कशाचा करू?”

मी पुढे झालो. दादाचा हात आजींच्या हातात ठेवला. त्यांनी तो धरला, आणि दुसऱ्या हातानं माझाही हात पकडून ठेवला. सकाळसारखाच चाचपला.

“अंगठी कुठाय?”

मी पाहिलं. बोट रिकामं होतं.

“चष्म्याच्या डबीत,” दादा म्हणाला.

डबी उघडली. अंगठी आत होती. पाण्यात शिरण्याआधी मीच घाईत ठेवली असणार, मला आठवत नव्हतं. दादानं पाहिलं होतं.

आजी खाली बसल्या. दादाला जवळ बसवला. “हात सोडला का रे कुणी?”

“दोनदा,” दादा म्हणाला. “चष्मा. नोट.” मग जरा थांबून त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. “आत्ता थोडा.”

“मग तू काय केलंस?”

“ओरडलो. काका पण ओरडले.” दादानं बागायतदारांकडे अभिमानानं पाहिलं, जणू त्यांना त्यानंच तयार केलं होतं.

आजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या. मग भाच्याकडे तोंड करून म्हणाल्या, “कोल्हापूरला कधी जायचं म्हणाला होतास?”

“तू म्हणशील तेव्हा.”

“मग गाडीचं बघ.”

बागायतदारांनी मोठ्यांदा नाक शिंकरलं. शेजारून तीन घरचं दूध आलं आणि चहा सगळ्यांना पुरला.

फेब्रुवारीत ऑपरेशनं झाली. दादा तेवढे दिवस आमच्या घरी राहिला. बागायतदार रात्री झोपायला यायचे, म्हणजे नियमाप्रमाणे आम्ही दोघं. माझी बायको पहिल्या दिवशी म्हणाली, “एका माणसाला सांभाळायचं म्हणून बोलावलंत, आणि मला तिघांना सांभाळावं लागतंय.” दादा रोज संध्याकाळी आजींना फोनवर सांगायचा, “तिघं.” एवढंच. आजी तिकडून म्हणायच्या, “बरं.” आणि फोन ठेवायच्या.

पंचवीस फेब्रुवारीला पुन्हा सभा झाली. हजर तेच, शिवाय आजी, काळ्या चष्म्यात, आणि शेजारी दादा. मी सहलीचा हिशेब वाचला. बस सातशे, जास्तीचे पन्नास, जेवण, सरबत, औषधांची पेटी. शेवटी एक बाब उरली: मुलांबरोबर गेलेल्या मोठ्यांना, ज्याला सांभाळलं त्या प्रत्येकामागे दहा रुपये चहापाणी भत्ता. मी आणि बागायतदारांनी तो सोडून दिला.

“माझे?” दादा म्हणाला.

“तुमचे कशाचे, दादा?” बाईंनी विचारलं.

दादानं आधी माझ्याकडे बोट दाखवलं, मग बागायतदारांकडे. “सांभाळले.”

सभेत कुणाला विरोध करता येईना. बागायतदारांनी तर दोन्ही हात वर करून पाठिंबा दिला. मी पाकिटातून दहाची नोट काढली. मिठानं कडक झालेली तीच, उडालेली. दादाला दिली. त्यानं ती आजींच्या हातात ठेवली. आजींनी चष्मा कपाळावर सरकवला, नोट डोळ्यांपासून लांब धरून नीट पाहिली.

“दहा?” त्या म्हणाल्या. “माणसं दोन होती ना?”

बरोबर होतं. माझी बेरीज चुकली होती. मी आणखी दहा काढले.

एकूण वीस रुपये, रोख. देखरेखीबद्दल, माणसं दोन. घेणार: दादा.